साक्ष घोकून येत नाही

आमच्या मंडळ्यांमधून हल्ली साक्ष देण्याची शिबिरं भरतात. शनिवारी सकाळी सुरू होतात आणि रविवारी उपासनेनंतरच्या जेवणाने संपतात. फळ्यावर तीन रकाने आखलेले असतात: प्रभू भेटण्याआधीचं माझं जीवन, तो कसा भेटला, भेटल्यावर काय बदललं. प्रत्येक रकान्याला एक मिनिट. मग जोड्या पाडायच्या, एकाने विश्वासी व्हायचं, दुसऱ्याने 'अविश्वासी शेजारी' व्हायचं, आणि तिसरा मोबाईलवर वेळ लावून बसणार. निघताना हातात एक कागद मिळतो. त्यावर आपल्या ओळखीच्या, तारण न झालेल्या दहा माणसांची नावं लिहायची आणि वर्षभर त्यांचा पाठपुरावा करायचा.

या शिबिरांमागचा युक्तिवाद सरळ आहे. सामान्य ख्रिस्ती माणूस आपला विश्वास कुणाला सांगत नाही, कारण त्याला सांगता येत नाही. तो घाबरतो, कारण त्याची तयारी नसते. तयारी करून दिली की भीती जाईल, भीती गेली की तोंड उघडेल आणि तोंड उघडलं की मंडळी वाढेल. ऐकायला बिनतोड वाटतं. मला हे निदानच चुकलेलं वाटतं, आणि औषध तर रोगापेक्षा वाईट.

पहिल्या रकान्यापासूनच घ्या. अहमदनगर, राहुरी, शेवगाव या भागात चौथ्या-पाचव्या पिढीचे ख्रिस्ती आहेत. अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं 1831 मध्ये. तिथल्या एखाद्या सत्तरीच्या आजीला 'प्रभू भेटण्याआधीचं जीवन' विचारलंत, तर ती काय सांगणार? ती तेव्हा पाळण्यात होती. तिचा विश्वास आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या भजनांतून आला, दुष्काळात विकलेल्या बैलांच्या गोष्टींतून आला, दर रविवारी पाटावर ठेवलेल्या इस्त्रीच्या लुगड्यातून आला. या बाईला शिबिरात उभं केलं की ती बिचारी आपल्या आयुष्यात एखादं ठळक पाप शोधू लागते. सापडलं नाही तर थोडं मोठं करून सांगते. विश्वासाची साक्ष देण्याची सुरुवात अतिशयोक्तीने करायला आपण तिला शिकवतो आणि त्याला प्रशिक्षण म्हणतो.

ही पद्धत मुळात आपल्याकडची नाही, हे सांगण्यात मला काही परकीयद्वेष दाखवायचा नाही. ज्ञानोदय हा नियतकालिकाचा उपक्रमही अमेरिकन मिशनऱ्यांनीच 1842 मध्ये सुरू केला आणि त्याने मराठी गद्याला वळण लावायला हातभारच लावला. प्रश्न पद्धत कुठून आली हा नसून ती कशासाठी घडली हा आहे. बिल ब्राइट यांनी 1951 मध्ये लॉस एंजलिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी संघटना काढली आणि 1965 मध्ये चार आध्यात्मिक नियमांची ती प्रसिद्ध पुस्तिका छापली. त्याच सुमारास, 1962 मध्ये, फ्लोरिडात जेम्स केनेडी या पाळकांनी घरोघर जाऊन सुवार्ता सांगण्याची आपली प्रशिक्षणपद्धत बसवली. दोन्हींचा श्रोता ठरलेला होता. तो नावापुरता तरी ख्रिस्ती देशात वाढलेला, देव एकच मानणारा, स्वर्ग-नरकाची भाषा लहानपणी ऐकलेला आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत व्यवहार उरकायची सवय असलेला होता. केनेडी यांच्या पद्धतीत सुरुवातीलाच एक प्रश्न आहे: आज रात्री मरण आलं तर तुम्ही स्वर्गात जाल याची तुम्हाला खात्री आहे का?

हा प्रश्न घेऊन श्रीरामपूरच्या एखाद्या वाड्यात जाऊन पाहा. संध्याकाळी दिवेलागणीला दारात उभं राहून, चहाचा कप हातात घेऊन, आज रात्री तुम्ही मेलात तर, असं विचारा. घरातली म्हातारी आधी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणेल आणि मग सुनेला मीठ-मोहऱ्या आणायला सांगेल. तिची दृष्ट काढण्याची पद्धत तुम्हाला पटत नसेल, पण त्या घरात अभद्र बोलणारे तुम्ही ठरलात, ती नव्हे.

आता शिबिरवाल्यांचं हुकमी उत्तर येतं. ते म्हणतात, आज्ञा आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात प्रभूने सगळ्या राष्ट्रांकडे जायला सांगितलं, त्यात सोयीने पळवाट काढू नका. ही आज्ञा अकरा शिष्यांना होती, आपल्याला नव्हे, असं म्हणून काही विद्वान सुटका करून घेतात. मी ती वाट घेणार नाही. आज्ञा सर्वांना आहे, असंच धरू. पण मग त्याच शुभवर्तमानांत साध्या माणसांनी ती कशी पाळली, हेही पाहायला हवं ना? गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूच्या मागे यायची गयावया करतो. येशू त्याला सोबत घेत नाही. घरी जा, तुझ्या माणसांना सांग, म्हणतो. ज्या घरच्यांनी त्याला साखळ्यांनी बांधलं होतं, ज्यांनी त्याला थडग्यांमध्ये ओरडताना ऐकलं होतं, त्यांच्याकडे. त्यांना तीन रकाने सांगायची गरजच नव्हती. पहिला रकाना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. शोमरोनातली बाई घागर विहिरीवर टाकून गावात धावते आणि गावकऱ्यांना जे सांगते ते धड विधानही नाही; ती विचारते, हाच तर तो नसेल ना? अर्धवट, शंकेसकट, प्रश्नचिन्हासकट दिलेली साक्ष. शिबिरात तिला पुन्हा सराव करायला लावला असता. आणि योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध? त्याला परुशी उलटसुलट विचारतात, तेव्हा तो साफ सांगतो की त्या माणसाबद्दलचं तुमचं धर्मशास्त्र मला ठाऊक नाही, मला एवढंच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता पाहतो.

तिघांपैकी कुणाकडेही नावांची यादी नव्हती. यादीबद्दल मात्र त्याच मत्तयात एक कडक बोल आहे, तो शिबिरात कधी वाचला जात नाही. तेविसाव्या अध्यायात येशू परुश्यांना सुनावतो की तुम्ही एक माणूस आपल्या मतात आणायला समुद्र आणि जमीन पालथी घालता आणि मिळाला की त्याला स्वतःहून दुप्पट बिघडवता. माणूस गोळा करण्याच्या उत्साहाबद्दल प्रभूचं मत काय होतं, हे यावरून कळतं. अठ्ठाविसावा अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांनी तेविसावाही पाठ करावा.

मराठी ख्रिस्ती शिबिरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते, ती रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले, त्यांनी नवा करार दिला, टिळकांनी वाचला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तात्पर्य असं काढतात, की बघा, प्रवासात एक पुस्तक हातात ठेवलं तर काय होतं! म्हणून खिशात पत्रिका ठेवा, एसटीत वाटा, लोकलमध्ये वाटा.

गोष्ट खरी आहे, तात्पर्य चुकीचं आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात हा प्रसंग दिला आहे, तो शिबिरवाल्यांनी पुन्हा सावकाश वाचावा. त्या गृहस्थांनी डब्यात शिरल्याबरोबर पुस्तक पुढे केलं नाही. संभाषण निघालं ते काव्यावरून, संस्कृत साहित्यावरून. म्हणजे टिळकांना ज्यात गोडी होती, जे टिळकांना अधिक चांगलं येत होतं, तिथून. समोरचा माणूस कवी आहे, विद्वान आहे, त्याच्याकडून काही ऐकावं, ही वृत्ती आधी होती आणि पुस्तक नंतर आलं. त्यापुढे टिळकांना कुणी पाठपुरावा करून गाठलं नाही. त्यांनी स्वतः वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले, त्यातून बाहेर पडता येईना, तेव्हा स्वतःहून पत्रव्यवहार करून प्रश्न विचारले. दोन वर्षांच्या आसपास हे चाललं. लोकलमध्ये दादर ते कुर्ला या अंतरात कुणाच्या हातात पत्रिका कोंबण्याशी त्याचं नातं एवढंच, की दोन्हीकडे रेल्वे आहे.

आणि टिळकांच्या घरातली दुसरी गोष्ट तर शिबिरांत सांगतच नाहीत, कारण ती रकान्यांत बसत नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, त्या आपलं सोवळं-ओवळं घेऊनच. टिळकांनी ते राहू दिलं. एवढा मोठा कवी, एवढा मोठा वक्ता, लोक त्याचं ख्रिस्ती कीर्तन ऐकायला येत, आणि स्वतःच्या घरात त्याने बायकोच्या चुलीला हात लावला नाही. लक्ष्मीबाई पाहत राहिल्या. घरात कोण कोण जेवायला येतं, कुणाला पंगतीत बसवतात, हा माणूस रागावतो कसा आणि राग गेल्यावर माफी कशी मागतो, हे सगळं त्या पाहत होत्या. (टिळकांचा राग काही साधा नव्हता, स्मृतिचित्रं वाचणाऱ्याला ते सांगायला नको.) मग एके दिवशी जातीबद्दलचं कोडं त्यांच्याच डोक्यात, त्यांच्याच तर्काने सुटलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या यादीत बायकोचं नाव असतं, तर ही बाई मेली असती पण वळली नसती. तिचा स्वभाव ठाऊक असलेला कुणीही हे मान्य करील.

शिबिरवाले इथे मला अडवतात. म्हणजे तुमचं म्हणणं गप्प बसावं, असंच ना? जीवनातून साक्ष द्यावी, तोंडाने काही बोलू नये?

अजिबात नाही. हा दुसरा पक्ष आपल्यात वाढतो आहे आणि सध्याच्या हवेत तो फार सोयीचा झाला आहे. त्यांचं आवडतं वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपतं: सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा, अशा अर्थाचं. फ्रान्सिसच्या जुन्या चरित्रांत किंवा त्याच्या लेखनात ते कुठेही सापडत नाही. सापडणार कसं? हा माणूस गावोगाव, चौकाचौकांत बोलत फिरला. 1219 मध्ये धर्मयुद्ध पेटलेलं असताना दमिएत्ताजवळची रणरेषा ओलांडून इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेला आणि त्याच्याशी आपल्या विश्वासाबद्दल बोलला. मुक्याचं व्रत घेतलेल्याची ही लक्षणं नव्हेत. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवलं, सुलतान ख्रिस्ती झाला नाही, आणि तरी ती भेट आठशे वर्षांनीही आठवली जाते.

नुसत्या वागण्यातून साक्ष देतो म्हणणाऱ्यात एक छुपा गर्वही असतो. माझं वागणं इतकं उजळ आहे की लोक आपोआप ओळखतील! कोण ओळखणार? प्रामाणिक, कष्टाळू, मदतीला धावणारी माणसं आपल्या गल्लीत सगळ्या धर्मांची आहेत. शेजारच्या पाटीलकाकू अख्ख्या गल्लीच्या बाळंतपणांना उभ्या राहिल्या, त्या ख्रिस्ती नव्हत्या. आपलं चांगलं वागणं हे आपल्या धर्माची जाहिरात आहे असं मानणं म्हणजे पाटीलकाकूंचा अपमान आहे. आणि जिवाभावाच्या माणसाने सरळ विचारलं, तुला एवढं सगळं सोसून झोप कशी लागते रे, आणि आपण 'सवय' म्हणून विषय बदलला, तर त्याला नम्रता म्हणत नाहीत. ज्या गोष्टीवर आपण उभे आहोत ती मित्रापासून लपवली, एवढाच त्याचा अर्थ.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याची रीत दिली आहे, आणि ती शिबिराच्या नेमकी उलट आहे. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने, असा तिचा आशय. यात पहिली चाल समोरच्याची आहे. तो विचारतो. विचारण्याजोगं काही त्याला दिसलेलं असतं आणि विचारण्याएवढा तो आपल्याजवळ आलेला असतो. तयारी असते ती आपल्या स्वतःच्या आशेची. त्याला कसं वळवावं याची नव्हे.

माझी एक आत्या मिरजेकडे मिशनच्या इस्पितळात नर्स होती. मुलांच्या वॉर्डात तिने उभी हयात काढली. इंजेक्शन देण्याआधी ती क्षणभर थांबायची आणि ओठांतल्या ओठांत काही बोलायची. जतकडच्या एका बाईचं पोर तिथे महिनाभर होतं. पोराला घरी न्यायच्या आदल्या संध्याकाळी ती बाई व्हरांड्यात आत्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, सिस्टर, तुम्ही सुई टोचायच्या आधी काय मंतर म्हणता? आत्या म्हणाली, मंतर नाही बाई, माझा हात कापू नये म्हणून देवाला सांगते. तुमच्या लेकाची शीर लई बारीक आहे. ती बाई म्हणाली, मग मोठ्यानं म्हणायचं की, मला बी धीर आला असता. त्यावर दोघी बराच वेळ बोलत बसल्या. येशूचं नाव निघालं, बिरोबाचं निघालं, दोघींच्या सासवांचंही निघालं असणार. पुढे कित्येक वर्षं जतहून कुणी ना कुणी येताना आत्यासाठी हुरडा नाहीतर बोरं घेऊन यायचं. त्या घरातलं कुणीही ख्रिस्ती झालं नाही.

शिबिराच्या हिशेबात हे शून्य आहे. आत्याला मात्र शिबिरात न शिकवलेला एक नियम पक्का ठाऊक होता: खाटेवरच्या माणसापुढे आपण होऊन धर्माची गोष्ट काढायची नाही. त्याला उठून जाता येत नाही. त्याची सलाईन आपल्या हातात आहे. तो हो म्हणाला तर ते हो कशाचं, हे कुणाला कळणार? डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर, व्हरांड्यात, तिच्या बरोबरीने बसून, तिने विचारल्यावर आत्या बोलली. मास्तरने वर्गात, मालकाने कामवाल्या बाईपुढे, सावकाराने ऋणकोपुढे, अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसापुढे हीच मर्यादा पाळायला हवी. समोरच्याला 'नको' म्हणायची किंमत मोजावी लागत असेल, तर तिथे आपण गप्प राहायचं. मात्र त्यानेच विचारलं तर खरं ते सांगायचं.

आता बाहेरून येणारा आक्षेप. तो म्हणतो, हे सगळं गोड बोलणं झालं. शेवटी तुमचा व्हरांडाही सापळाच. या आक्षेपाला मराठीत मोठा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. विधवांसाठीच्या या शाळेत धर्माची शिकवण देणार नाही, हे त्यांनी जाहीर केलेलं होतं आणि मुलींना आपापले आचार पाळायला मोकळीक होती. रमाबाई स्वतः 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत, आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करत, बायबल वाचत आणि खोलीचं दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठलं, केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

प्रश्न तोच आहे: रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं का? माझं उत्तर नाही असं आहे. स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचं नाव घेताना कडी लावायला सांगणं म्हणजे तटस्थता नव्हे. पण आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच चुकलं होतं, असंही मी म्हणणार नाही. त्या मुली निराधार होत्या, छप्पर रमाबाईंचं होतं. ज्यांच्या छपराखाली आपण राहतो त्यांच्या प्रार्थनेला जाऊन बसावंसं वाटण्यात ओढ किती आणि ओशाळेपण किती, हे वेगळं काढता येत नाही. पुढे केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बोचरा होतो, आणि रमाबाईंवर माया असणाऱ्यांनीही तो टाळू नये. मिशनच्या इतिहासात धान्य, शाळा, नोकरी आणि बाप्तिस्मा यांची सरमिसळ झालेली आहे. ती आपल्याला खोलून सांगता आली पाहिजे. म्हणूनच वरचा मर्यादेचा नियम मी कडक ठेवतो.

पण आज जे बोललं जातं ते याच्या फार पुढचं आहे. आज म्हणतात, श्रद्धेबद्दल बोलणं हाच गुन्हा. संविधान सभेत 6 डिसेंबर 1948 रोजी या मुद्द्यावर भरपूर वाद झाला. धर्माच्या प्रसाराचा उल्लेख काढून टाका, अशी मागणी तिथे झाली होती. लोकनाथ मिश्रांनी ती हिरिरीने मांडली. लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णमाचारी आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी प्रसाराचा हक्क राखावा असं सांगितलं. या तिघांपैकी कुणीही ख्रिस्ती नव्हतं. सभेने तो राखला, पंचविसाव्या अनुच्छेदात तो आहे. पुढे ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये जबरदस्ती, फसवणूक आणि आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले आणि 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्या निकालाबद्दल ख्रिस्ती लोक कुरकुरतात, आणि त्यावर टीका करण्याजोगंही बरंच आहे. पण त्याच निकालाने आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्याला समजावून सांगण्याचा हक्क मान्य केला आहे, हे दोन्ही बाजू विसरतात. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्याच्या अंगाने त्यावर वाद घाला. श्रद्धेच्या अंगाने मात्र मला त्यात आश्चर्य वाटत नाही. माणसाचं मन वळवणं हे काम पवित्र आत्म्याचं, असं आपणच दर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला म्हणतो ना? मग ते काम आपल्या नावावर का लावून घ्यायचं?

टिळकांना हे उमगलं होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा माणसांना कुठे बसवायचं, हा प्रश्न अहवाल लिहिणाऱ्यांचा. टिळकांपुढे तो नव्हता. दोन वर्षांत ते गेले, नाहीतर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीचा चेहरा कदाचित वेगळा झाला असता.

राहिला शेवटचा सवाल, शिबिरवाले तो कपाळाला आठ्या घालून विचारतात. असं सगळं समोरच्यावर सोडलं तर मंडळी वाढणार कशी? वसईकडे पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डरांशी लढा दिला, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, अवघं बायबल सोप्या मराठीत आणलं. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती धर्मगुरू असण्यावरून किती गदारोळ झाला! तरी ते बोलले, आपण कोण आहोत हे न लपवता बोलले, आणि अनेक मराठी वाचकांनी त्यांना आपलं मानलं. या सगळ्यातून मंडळीत किती नावं चढली, हे विचारण्यातच आपलं काही तरी बिघडलेलं आहे.

आणि नावं चढत नाहीत त्याचं कारण शेजाऱ्यांना आपली तीन मिनिटं ऐकायला मिळाली नाहीत हे नाहीच. शेजाऱ्याने आपल्याला वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. नाताळात करंज्यांचं ताट आपण देतो, दिवाळीत चिवड्याचं ताट तो देतो, भिंत एकच आहे. त्रैक्याबद्दल त्याला काही विचारायचं नाही. त्याचे प्रश्न साधे आणि जीवघेणे आहेत. तुमच्यात जात नाही म्हणता, मग पोरीचं स्थळ बघताना आडनाव आणि मूळ गाव कशाला विचारलंत? तुमचे दोन पाळक मिशनच्या जागेवरून कोर्टात का भांडतायत? माझी आई गेली तेव्हा तुमच्यातले किती जण खांदा द्यायला आले, आणि किती जण 'आमच्यात चालत नाही' म्हणून फाटकापाशी थांबले? या प्रश्नांची उत्तरं द्यायला मोबाईलवर वेळ लावून भागत नाही.

तेव्हा शिबिरवाल्यांना एक सुचवतो. पुढचं शिबिर एकाच दिवसाचं ठेवा. फळा नको, जोड्या नकोत, नावांचा कागद तर नकोच. मंडळीच्या चार भिंतींलगत राहणारे शेजारी बोलवा: वाणी, रिक्षावाला, मशिदीतले मौलवी, बौद्धवाडीतल्या बाया, पाटीलकाकू. त्यांना पुढच्या खुर्च्या द्या आणि इतक्या वर्षांत आमच्याकडे तुम्ही काय पाहिलं ते सांगा म्हणावं. आपण सगळे मागे बसू आणि कुणी मधेच खुलासा करायला उठलं तर पाळकसाहेबांनी त्याला खाली बसवावं. दुपारच्या जेवणानंतर त्यांच्यापैकी कुणी आपल्याला काही विचारलंच, तर तेव्हा बोलू. जेवणाचा खर्च मंडळीने करावा. माझी वर्गणी मी खजिनदारांकडे आधीच देऊन ठेवतो.